कॉर्व्हेट सी-३ चे हेडलाइट आपोआप उघडतात, एक उशिरा उठतो: व्हॅक्यूमची गळती नेमकी कुठे शोधायची

या गाडीचे हेडलाइट एरवी बॉडीत मिटून लपलेले असतात आणि दिवे लावायची कळ ओढली की वर उठतात. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आजार हाच की दुसरा, ते लगेच कळेल.

गाडी १९६९ ची शेव्हरोलेची कॉर्व्हेट स्टिंगरे, कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी), ३५० क्युबिक इंचांचं ३०० अश्वशक्तीचं इंजिन, हाताचे चार गिअर. मुक्काम मिशिगन. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा झाली की काही दिवसांत गाडी गॅरेजमध्ये जाते, ती गुढीपाडव्याच्या आसपास बाहेर येते. आणि बाहेर आली की दोन तक्रारी. कळ ओढली की उजवा हेडलाइट टुणकन वर येतो आणि डावा तीन-चार सेकंदांनी, झोपेतून उठवल्यासारखा. दुसरी तक्रार जास्त चमत्कारिक: गाडी बंद करून, हेडलाइट मिटलेले बघून घरात यावं, चहाचं आधण ठेवावं, तेवढ्यात बायकोची हाक, "अहो, तुमची गाडी परत डोळे उघडून बसलीय."

जून उजाडला की ही दुसरी तक्रार जवळपास नाहीशी व्हायची. याच गोष्टीने मला दोन वर्षं फसवलं. कसं, ते पुढे येईलच.

ही पोस्ट १९६८ ते १९८२ च्या सगळ्या कॉर्व्हेटना (सी-३ म्हणजे ही तिसरी पिढी) लागू आहे, उघड्या छपराच्या असोत की बंद. त्याआधीच्या १९६३–६७ च्या गाड्यांचे हेडलाइट विजेच्या मोटरवर फिरायचे आणि १९८४ पासून पुन्हा मोटरच आली. मधल्या पिढीत मात्र हे काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढून घेतं त्या ओढीवर, चालतं. त्यातली उघडी गाडी फक्त १९७५ पर्यंत निघाली, पुढची थेट १९८६ मध्ये. जाता जाता सांगतो, १९६९ मध्ये नवी उघडी गाडी ४,४३८ डॉलरला होती आणि बंद गाडी ४,७८१ ला. त्या वर्षीच्या ३८,७६२ गाड्यांपैकी उघड्या १६,६३३. आज भाव नेमके उलटे झालेत, म्हणून तर एवढी उस्तवार.

आधी यंत्र समजून घ्या, पाने नंतर काढा

या हेडलाइटना हलवणारी ताकद एक आणि त्यांना हुकूम देणारी ताकद दुसरी. दोन्ही व्हॅक्यूमच्याच, पण वाटा वेगळ्या. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की अर्धं निदान खुर्चीत बसून होतं.

पहिली वाट जाड नळ्यांची. इंजिन चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा जाते त्या नळकांड्यांत) व्हॅक्यूम तयार होतो. तो चेक व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप) पुढे येऊन एका टाकीत साठतो. चेक व्हॉल्व्ह आणि टाकी कशासाठी? कारण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम शून्याजवळ येतो. रात्री हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना दिवे मिटले तर काय होईल? म्हणून साठा ठेवायचा आणि तो इंजिनकडे परत जाऊ द्यायचा नाही. टाकीतून जाड नळ्या प्रत्येक हेडलाइटच्या रिलेकडे (व्हॅक्यूम कुठल्या बाजूला सोडायचा ते ठरवणारी झडप) जातात आणि रिलेतून हेडलाइट हलवणाऱ्या गोल डब्याकडे. कॅटलॉगमध्ये त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात, मी डबाच म्हणणार. डब्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो आणि पडद्याला दांडा. पडद्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम लावला की दिवा वर, दुसऱ्या बाजूला लावला की खाली.

दुसरी वाट बारीक नळ्यांची. चेक व्हॉल्व्हच्या पुढून एक बारीक नळी डॅशबोर्डच्या आत शिरते, स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या जादा कळीतून (दिवे न लावता नुसते हेडलाइट वर करायची ती कळ) आणि मग हेडलाइटच्या मुख्य कळीतून जाऊन परत बाहेर, दोन्ही रिलेंपर्यंत पोचते. ही वाट काहीही उचलत नाही. ती रिलेला फक्त सांगते, "खाली ठेव."

मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की बारीक नळीत व्हॅक्यूम आहे तोपर्यंतच रिले दिवे खाली धरून ठेवतो. कळ ओढली की नळीत हवा शिरते, रिलेतली स्प्रिंग आपली बाजू बदलते आणि टाकीतला व्हॅक्यूम दिवे वर करतो. बनवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून असं ठेवलंय. हुकुमाची नळी तुटली तर दिवे मिटण्याऐवजी उघडावेत, अंधारात माणूस अडकू नये.

म्हणजे गाडी बंद झाल्यावर हेडलाइट आपोआप वर येत असतील तर तुमची जाड वाट ठणठणीत आहे! टाकीत साठा टिकलाय म्हणूनच दिवे उचलले जातायत. गळतेय ती बारीक वाट. मी मात्र दोन वर्षं जाड वाटेवरचेच भाग बदलत बसलो.

लक्षणावरून वाट ओळखा

एकच दिवा मंद असेल आणि दुसरा चपळ, तर टाकी, चेक व्हॉल्व्ह, इंजिन यांना हात लावू नका. ते दोघांचे सामायिक आहेत. दोष त्या बाजूच्या डब्यात, त्या बाजूच्या रिलेत, त्यांच्यामधल्या नळ्यांत, किंवा साध्या बिजागरीत आहे.

दोन्ही मंद असतील, वर जाताना आणि खाली येतानाही, तर सामायिक भाग बघा. सुरुवात व्हॅक्यूम गेजने करा. इंजिन गरम करून आयडलला मॅनिफोल्डवर गेज लावलं की माझ्यासारख्या साध्या इंजिनाला १७ ते २० इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं एकक) दिसायला हवा, काटा स्थिर. कोणी आधीच्या मालकाने मोठा कॅम (इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा) टाकला असेल तर आकडा त्याहून बराच खाली येतो आणि मग हेडलाइट आळशी होणं हा बिघाड नाही, तो कॅमचा कर आहे. दर हजार फूट उंचीमागे साधारण एक इंच वजा होतो हेही लक्षात ठेवा. डेन्व्हरमध्ये राहणाऱ्याने १४ इंच बघून इंजिन उघडायला घेऊ नये.

चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हेडलाइट लटपटत असतील तर चेक व्हॉल्व्ह. तो काढून तोंडाने फुंकून बघा: एका बाजूने हवा जाईल, दुसऱ्या बाजूने अजिबात जाता कामा नये. "थोडीशीच जाते" म्हणजे गेला. स्वस्त वस्तू आहे, बदलून मोकळे व्हा.

गाडी बंद केल्यावर आपोआप वर येत असतील तर वर म्हटल्याप्रमाणे बारीक वाट.

आणि दिवे वर येतात पण मिणमिणते जळतात किंवा एकच पेटतो, तर व्हॅक्यूम सोडा, अर्थिंग बघा. या गाडीचं अंग फायबरग्लासचं आहे. पत्र्याच्या गाडीत कुठेही स्क्रू मारला की अर्थ मिळतो, इथे ती सोय नाही. प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर लोखंडापर्यंत पोचलेली असावी लागते, आणि पन्नास वर्षांत त्या बोल्टखाली गंजाचा थर बसलेला असतो. घासा, घट्ट करा, निम्मे विजेचे भुताटकी प्रकार जातात.

माझं काय चुकलं

पहिल्या वर्षी फक्त डावा मंद होता. एका गॅरेजवाल्याने ऐकताक्षणी सांगितलं, डबा गेला. डबा खरंच गेला होता, पडदा फाटला होता, त्याबद्दल त्याला दोष नाही. नवा बसवला, डावा बराच सुधारला. पण पूर्ण नाही, उजव्याच्या मागेच राहिला. तो म्हणाला, "पन्नास वर्षांची गाडी आहे, एवढं चालायचंच." मीही मानलं.

पुढच्या पाडव्याला आपोआप उघडण्याचं नाटक सुरू झालं. मला वाटलं नवीन बिघाड. खरं तर तो जुनाच असणार. फाटक्या पडद्यातून टाकी रिकामी होत होती, त्यामुळे बारीक नळी गळली तरी दिवे उचलायला टाकीत काही शिल्लकच नसायचं. एक भोक बुजवलं आणि दुसरं उघडं पडलं.

त्या वर्षी मे महिन्यात दोन्ही रिले बदलले. जूनमध्ये त्रास बंद. मी खूश, सगळीकडे सांगत सुटलो की रिले बदला. तिसऱ्या पाडव्याला बायकोची तीच हाक.

तेव्हा कुठे डोकं चाललं. रिले बदलल्याने काही झालंच नव्हतं, फक्त ऊन वाढलं होतं. जुनी रबरी नळी थंडीत कडक होते, तिचं तोंड नोझलवर नीट आवळत नाही, हवा शिरते. उन्हाळ्यात तीच नळी मऊ पडून आपोआप चिकटते. त्या आठवड्यात जो भाग बदलला असेल, त्याला फुकटचं श्रेय. म्हणून सांगतो, ही तपासणी सकाळी, गॅरेज थंडगार असताना करा. दुपारी ऊन खाल्लेली गाडी तपासली तर सगळं ठीक दिसेल आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल.

तपासणी, जशी मी शेवटी केली

सामान फार नाही. हातपंपाला जोडलेलं व्हॅक्यूम गेज (ब्रेकमधली हवा काढायला वापरतात तेच), सहा-सात फूट जादा नळी, खुणेसाठी रंगीत चिकटपट्टी, आणि गोल्फच्या टी. होय, त्या लाकडी खुंट्या. आमच्यापासून दोन घरं सोडून एक निवृत्त अमेरिकन आजोबा राहतात, त्यांनी मूठभर आणून दिल्या. टोकाकडे निमुळत्या असल्यामुळे कुठल्याही मापाच्या नळीत बूच म्हणून बसतात. मी आयुष्यात गोल्फ खेळलो नाही, पण आता टूलबॉक्समध्ये टी कायम असतात.

हात घालण्याआधी एक सावधगिरी. इंजिन बंद आहे म्हणजे हेडलाइट मेलेला आहे असं नाही. टाकीत साठा असतो, आणि चुकीची नळी ओढली तर ते धूड बोटांवर खाड्कन येतं. आधी टाकीची नळी काढून व्हॅक्यूम सोडून द्या, मगच आत हात घाला. डॅशबोर्डखाली काम करायचं असेल तर बॅटरीची तारही काढा.

पहिली चाचणी फुकट आहे. इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग टाकीवरची नळी उपटा. जोरात फुस्स आवाज आला तर जाड वाट व्हॅक्यूम धरतेय. आवाज नाही तर धरत नाही. माझ्याकडे झकास फुस्स आला, म्हणजे पहिल्या वर्षीचं काम पक्कं होतं.

आवाज आला नसता तर पुढे असं करायचं: एकेक फांदी टीने बंद करायची आणि पुन्हा तेच. डाव्या रिलेची नळी काढून बंद, चाचणी. उजव्याची काढून बंद, चाचणी. १९६८ ते १९७२ च्या गाड्यांत आणखी एक फांदी असते जी लोक विसरतात. त्या गाड्यांचे वायपर एका झाकणाखाली लपलेले असतात आणि ते झाकणही याच व्हॅक्यूमवर उघडतं. हेडलाइटसाठी महिनाभर डोकं आपटायचं आणि गळती निघायची वायपरच्या झाकणात, असं घडू शकतं. ती फांदी सगळ्यात आधी बंद करून बघा. ज्या फांदीला बूच लावल्यावर फुस्स परत येतो, ती चोर.

डबा तपासायला त्याच्या दोन्ही नळ्या काढा, हातपंप एका तोंडाला लावून १५ इंचांपर्यंत ओढा आणि मिनिटभर काट्याकडे बघा. मग दुसऱ्या तोंडाला तसंच. दोन्हीकडे काटा घसरला तर पडदा फाटलाय. दांडा बाहेर येतो त्या बाजूलाच घसरला तर दांड्याभोवतीचं सील झिजलंय. कितीतरी डबे पडद्याने नाही, या सीलने मरतात.

आता बारीक वाट. इथे मी आडवळणाने गेलो आणि तेच सोपं पडलं. दोन्ही रिलेंकडे येणारी बारीक नळी काढली, आणि चेक व्हॉल्व्हच्या पुढून एक जादा नळी थेट रिलेंना जोडली. म्हणजे डॅशबोर्ड, दोन्ही कळा, इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून आत-बाहेर जाणाऱ्या नळ्या, सगळ्यांना वळसा. डॅशबोर्डकडे जाणाऱ्या मूळ नळीला टी. गाडी चालू केली, दिवे खाली, गाडी बंद केली आणि झोपायला गेलो. सकाळी दिवे मिटलेलेच! रिले निर्दोष, चोर आत.

आत म्हणजे हेडलाइटच्या कळीच्या मागे. तिथे पोचायला पाठीवर झोपून, मान पेडलजवळ, पाय सीटवर अशी कसरत. माझ्या वयाला ती शोभत नाही. पण टॉर्च मारल्याबरोबर दिसलं: बारीक नळीचं तोंड सनईच्या टोकासारखं फाकलेलं, आणि कडेला केसाएवढी चीर. नळी हातात घेतली तर नुसती काडी, वाकवली की मोडेल अशी. अर्धा इंच कापून टाकली, ताजं तोंड परत बसवलं. त्या रात्री मूळ जोडणीवर दिवे सकाळपर्यंत मिटलेले राहिले. दोन वर्षं डबा आणि रिले यांच्यात पैसे ओतले आणि औषध निघालं अर्धा इंच रबर.

अर्थात ते तात्पुरतं. एका टोकाला चीर पडलेली नळी बाकी टोकांनाही तेवढीच म्हातारी असते. या गाड्यांसाठी रंगीत पट्ट्यांच्या मूळसारख्या नळ्यांचा पूर्ण संच मिळतो. तो घ्या आणि एका शनिवारी सगळ्या बदला, पण एकावेळी एकच. जुनी काढली की लगेच तिच्या जागी नवी. सगळ्या उपटून मग "ही कुठली होती" असं करायला गेलात तर दिवे उलटे चालायला लागतील, कळ ओढली की मिटणार आणि ढकलली की उघडणार. आधीच्या मालकाने रंग चुकवलेले असू शकतात, म्हणून रंगावर विसंबू नका, स्वतःची चिकटपट्टी लावा आणि फोटो काढून ठेवा.

राहिला डावा डोळा

डबा नवा, रिले नवा, नळ्या नव्या, तरी डावा अर्धा-एक सेकंद मागे. तेव्हा डब्याचा दांडा हेडलाइटपासून सोडवला आणि दोन्ही दिवे हाताने वर-खाली करून बघितले. उजवा लोण्यासारखा. डावा मध्येच अडून करकरायचा. बिजागरीत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि बुशिंग एका बाजूने झिजलं होतं. शिवाय दिव्याभोवतीची चौकट बॉडीच्या कडेला किंचित घासत होती, रंगावर नखाएवढी चकाकी दिसली त्यावरून कळलं. बुशिंग बदललं, जुनं ग्रीस पुसून नवं लावलं, चौकट थोडी सरकवली. ही हाताची चाचणी खरं तर पहिल्या दिवशी करायला हवी होती. फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि गॅरेजवाल्यानेही ती केली नाही, मीही नाही.

विजेच्या मोटरचं काय

कोणीतरी विचारणारच, की हे व्हॅक्यूमचं लचांड काढून बाजारात मिळणारी विजेची मोटर का बसवत नाही. बसवणाऱ्याला मी हसणार नाही. मोठा कॅम आहे, व्हॅक्यूमच नाही, आणि गाडी रोज चालवायची आहे, तर तो सरळ मार्ग आहे. पण गाडी संग्रहाची असेल तर थांबा. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का हेच बघतात. गिऱ्हाईकही बॉनेट उघडल्यावर आधी अशाच गोष्टी शोधतं. मोटर बसवलीच तर काढलेले डबे, रिले, टाकी, नळ्या एका खोक्यात नावं घालून ठेवा, गाडीबरोबर द्या. अडगळ म्हणून फेकून देऊ नका.

आणखी एक न करण्याची गोष्ट: अडलेला हेडलाइट वरून तळव्याने दाबून बसवू नका. मी दाबला आहे. चौकटीच्या कोपऱ्यावर फायबरग्लासला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या, त्या अजून आहेत.

यंदाच्या पाडव्याला गाडी काढली तेव्हा गॅरेजमध्ये श्वासाची वाफ दिसत होती. बंद करून घरात आलो, चहा टाकला आणि खिडकीतून दर दोन मिनिटांनी बघत राहिलो. दिवे मिटलेलेच. कळ ओढली तर डावा अजूनही उजव्यापेक्षा जेमतेम पाव सेकंद उशिरा येतो. त्याला मी आता हात लावणार नाही.